खांब हलवून पाहणारा प्रल्हाद

प्रल्हाद गावंडे कोणाच्याही लग्नाला गेला की नवरदेव-नवरीकडे पाहायच्या आधी मांडवाचा खांब हलवून पाहतो. एका हाताने खांब धरतो, दोन झटके देतो आणि वर छताकडे बघत उभा राहतो. खांब हलला नाही तर त्याची जरा निराशाच होते. हलला, तर तो वधूपित्याला शोधत निघतो आणि सकाळपासून उपाशीपोटी व्याह्यांची मनधरणी करणाऱ्या त्या बिचाऱ्याला ऐन गर्दीत गाठून विचारतो, "भाऊ, पोरगी तं चांगल्या घरी देऊन रायले तुमी, पन मांडव कोन्या गाढवाले देला?"

शाळेपासूनचा मित्र झाला म्हणून काय माणसाने वाटेल ते सोसायचे? मी वकील आहे. अमरावतीच्या कोर्टात वाटण्यांचे दावे लढवण्यात माझा जन्म गेला. सख्खे भाऊ एका विहिरीपायी एकमेकांच्या अंगावर धावून जाताना मी पाहिले आहेत आणि तरी डोके शांत ठेवले आहे. पण प्रल्हाद ते शांत राहू देत नाही. माझ्या मुलाच्या लग्नात मांडव त्याचाच होता, त्याने स्वतः उभा राहून टाकलेला. तोसुद्धा त्याने मंगलाष्टके चालू असताना हलवून पाहिला. माझे व्याही मांडव पडतो आहे असे समजून बाहेर पळाले, आणि त्यावरून मला अजून ऐकून घ्यावे लागते.

अमरावतीत त्याचे 'गावंडे बिछायत केंद्र' आहे. मांडव, गाद्या, खुर्च्या, स्वयंपाकाची मोठाली गंजं, लग्नाला लागणारे सगळे तिथे भाड्याने मिळते. आता दुकान मुलगा चालवतो. मुलाने लाकडी बल्ल्या विकून लोखंडी पाइप आणले तेव्हापासून प्रल्हादने दुकानाची पायरी चढणे सोडले आहे. "नटबोल्ट पान्यानं आवळते. त्यात मानसाचा हात कुठी हाय?" असा त्याचा सवाल. त्याचा सारा जीव गाठीत. बोलता बोलता हाताला जे लागेल त्याला तो गाठ मारतो. टॉवेल असो, पडद्याची दोरी असो, नाहीतर माझ्या गळ्यातला वकिलीचा पांढरा बँड असो. एकदा ती गाठ काही केल्या सुटेना आणि माझ्या नावाचा पुकारा झाला. मी तशाच अवतारात न्यायाधीशांपुढे उभा राहिलो होतो.

आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्याचा निकाल एकच. चहा पाणचट निघाला, रस्ता खडबडीत लागला, टीव्हीवर पुढारी भांडायला लागले, की हा म्हणणार, "याले कोनी मांडव म्हनते काय?" एवढे बोलले की त्याच्यापुरता विषय संपला.

असा हा माणूस सख्ख्या बहिणीच्या दारचा मांडव चालू पंगतीत उतरवून नेईल, हे कोणाला खरे वाटेल? पण त्याने नेला. मी साक्षीदार आहे. साक्षीदार कसला, फिर्यादीच म्हणा, कारण त्या पंगतीत माझे पान होते.

लीला ही प्रल्हादची धाकटी बहीण. अकोल्याला जुन्या शहरात दिलेली. काही वर्षांपूर्वी तिच्या थोरल्या मुलीचे, वनिताचे, लग्न होते. भर मे महिना, दुपारचा मुहूर्त, लग्न दारातच. मांडव अर्थातच मामाचा. अमरावतीहून ट्रक भरून सामान गेले होते आणि प्रल्हाद दोन दिवस आधीपासून तिथे ठाण मांडून होता. सगळे बेतशीर चालले होते आणि नेमके मुहूर्ताच्या तोंडावर वावधन सुटले. आमच्याकडे उन्हाळ्यात धूळ घेऊन येणारे असे वारे उठते तेव्हा टिनपत्रेही जागेवर राहत नाहीत. बोहल्यावरचे कापड एका कोपऱ्यातून सुटले आणि फडफडायला लागले. प्रल्हादने कोणाला हाक मारली नाही. शिडी लावली, वर चढला आणि दोर हातात धरला. तेवढ्यात भटजींनी माइकवरून सांगितले, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे."

बोहल्यापाशी मुलीला आणायचे ते मामाने. आणि मामा तर वर! दोर सोडावा तर सगळे कापड नवरदेवाच्या डोक्यावर येणार. ओरडून सांगावे तर बँडच्या दणदणाटात कोणाला ऐकू येणार? खाली "मामा कुठी गेले? मामा कुठी गेले?" अशी धावपळ. भटजी मनगटावरचे घड्याळ दाखवून राहिलेले. शेवटी लीलाच्या यजमानांनी अकोटच्या एका चुलतमामाला पुढे केले. त्याने वनिताला हात धरून आणले, मंगलाष्टके झाली, अक्षता पडल्या. सख्खा मामा दोर धरून वर ताटकळलेला. त्याला भाचीचा फक्त भांग दिसला.

खाली उतरल्यावर तो थेट ट्रककडे गेला, तेव्हाच मी सावध व्हायला हवे होते. पंगत बसली. मी वरणभात कालवला, आलू-वांग्याच्या भाजीला हात घातला आणि एकदम डोळ्यांपुढे लख्ख झाले. वर पाहतो तर आकाश! अकोल्याचे मे महिन्यातले ऊन ज्याने अंगावर घेतलेले नाही त्याला काय सांगायचे? मठ्ठा जागच्या जागी कोमट झाला. बायका पदर डोक्यावर ओढून ताटे उचलून भिंतीकडे पळाल्या. एक वृद्ध गृहस्थ हात धुवायला उठले, ते परत येईपर्यंत त्यांची खुर्ची ट्रकमध्ये चढलेली. प्रल्हाद ट्रकच्या मागे उभा राहून म्हणाला, "मामा नाई, तं मामाचा मांडवबी नाई."

लीला दारात उभी होती. ती म्हणाली, "दादा, माह्या पोरीच्या डोक्यावरचा मांडव काढला तू. आता या दारात पाय ठिवू नको."

तेव्हापासून दोघांचे बोलणे बंद. मी फुकटात मध्यस्थी करून पाहिली. प्रल्हाद म्हणे, "तिनं बलावल्याशिवाय मी जात नाई." लीला म्हणे, "भावाले बलावनं कायले लागते? त्याले रस्ता मालूम नाई काय?" असे अशील असले की वकिलाने सनद परत करावी आणि घरी बसावे.

आता माझ्या मूळ तक्रारीकडे येतो.

गेल्या हिवाळ्यात, तुळशीची लग्ने आटोपून माणसांची सुरू झाली होती तेव्हा, प्रल्हाद संध्याकाळी माझ्याकडे आला. म्हणाला, "वकील, उद्या सायकलनं अकोल्याले जाऊ."

डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी सायकल सांगितल्यापासून आम्ही दोघे रोज सकाळी बडनेऱ्यापर्यंत जाऊन येतो. एकदा रिद्धपूरलाही जाऊन आलो. पण अकोला म्हणजे दिवस उजाडायच्या आधी निघून मावळेपर्यंत पायडल मारणे आले.

"अकोल्यात काय आहे?" मी विचारले.

"काई नाई. मोर्नेच्या पुलावर जायचं, पानी प्यायचं अन् रेल्वेनं वापस."

"मग बसनेच जाऊ की."

"बसनं गेलं तं मानूस पाहुना होते. सायकलनं गेलं तं वाटसरू. वाटसरूले कोनी इचारत नाई, कावून आला म्हनून."

लीलाकडे जायचे आहे का, असे मी सरळ विचारले. "तिचं नाव काढू नको," म्हणून तो उठला आणि जाता जाता माझ्या खिडकीच्या पडद्याला गाठ मारून गेला. ती माझ्या बायकोने शेवटी कात्रीने कापली.

पहाटे निघालो. मुलाने मला सायकलसाठी म्हणून एक तंग अर्धी चड्डी आणून दिली आहे, बैठकीला आतून गादी शिवलेली. ती घातली होती. प्रल्हाद नेहमीच्या पँटमध्ये, डोक्याला दुपट्टा, आणि कॅरिअरवर एक गाठोडे करकचून बांधलेले. "यात काय आहे?" तर म्हणे, "तुह्या कामाचं नाई." सरळ मूर्तिजापूरवरून हायवेने जायचे, तर याने दर्यापूरचा रस्ता धरला. का? हायवेवर मांडव दिसत नाहीत म्हणून! मी तिथेच परत फिरायला पाहिजे होते. पण अंधार होता आणि सायकलचा दिवा त्याच्याकडे होता.

वलगावच्या पुढे पहिला मांडव लागला. प्रल्हाद उतरला, खांब हलवला, मान डोलावली आणि पुन्हा सायकलवर बसला. एवढ्यावर मी काही बोललो नसतो. पण लग्नसराई होती. दर दोन गावांआड एक मांडव. प्रत्येक ठिकाणी हा उतरणार, मी दोन सायकली धरून रस्त्यात उभा राहणार, आणि गावातली माणसे याला सोडून माझ्याभोवती जमणार.

"बाबूजी, पँट घालाची राह्यली काय?" एका म्हातारीने मला विचारले.

मी सांगितले, ही सायकलची चड्डी आहे. "सायकलले चड्डी?" ती म्हणाली आणि सायकलकडे निरखून पाहायला लागली. माझी इतक्या वर्षांची वकिली त्या रस्त्यावर फुकट गेली.

खोलापूरला तर याने भांडणच काढले. मांडववाला पोरगेला होता. त्याने घाईत दोर नुसता गुंडाळून ठेवला होता. प्रल्हादने तो सोडायला घेतला. पोरगा धावत आला. "ओ काका, कोन तुमी? पोरीकडचे का पोराकडचे?"

"मी कोनाकडचाच नाई. पन हे गाठ पाह्य. याखाली लोकं बसतीन. मांडवाखाली जो बसला तो तुह्या भरवशावर बसला, समजलं? तो वर पाहत नाई. कावून पाहत नाई? कारन का त्याले वाटते, वरचं कोनीतरी पाह्यलं असन."

असे म्हणून त्याने दोर सोडला, नव्याने ओढला, दोन वेढे दिले आणि गाठ आवळली. मांडववाल्याने आम्हाला चहा पाजला. तो पिऊन प्रल्हाद म्हणाला, "याले कोनी मांडव म्हनते काय?" हे चहाबद्दल होते.

दर्यापूरला पोचेपर्यंत माझ्या पोटात कावळे ओरडत होते. तिथे एका मांडवात पंगती चालू होत्या. गरम बुंदीचा वास थेट रस्त्यावर. प्रल्हादने खांब हलवला, तेवढ्यात एक धिप्पाड गृहस्थ बाहेर आले आणि आम्हाला हाताला धरून आत ओढायला लागले. आमच्याकडे दारच्या मांडवापाशी आलेला माणूस तसाच गेला तर घरच्यांना चैन पडत नाही. मी एक पाय आत टाकलासुद्धा.

"आमाले बलावनं नाई," प्रल्हाद म्हणाला.

"अहो, आता बलावून रायलो ना!"

"तसं नाई. बलावनं कुंकू लावून, अक्षता देऊन असते. बिनबलावल्या पंगतीत मी बसत नाई." आणि माझ्या शर्टाची मागची बाजू धरून त्याने मला बाहेर ओढले. बसत नाहीस तर नको बसू! मला का उपाशी मारतोस? माझी काही कोणाशी अडी नव्हती. पुढे बुंदीच काय, मूठभर मुरमुरेही मिळाले नाहीत.

दर्यापूर सोडले की दोन्ही बाजूंना काळी माती, तूर आणि वेचणीला आलेली पराटी, म्हणजे कपाशी. हा खारपाणपट्टा. विहिरीचे पाणी खारट, त्यामुळे रस्त्यात पाणी मागायची सोय नाही. ऊन थंडीचे असले तरी ऊनच. म्हैसांगजवळ, पूर्णेच्या पुलाच्या अलीकडे, याच्या मागच्या चाकाची हवा गेली. पंक्चर कुठे आहे ते पाहायला घमेलंभर पाणी हवे म्हणून तो शेजारच्या शेतातून घमेले मागून नदीकडे उतरला आणि मी त्याच्या सामानासोबत बाभळीखाली राहिलो.

मी भुकेला होतो. गाठोड्यात शंकरपाळे असतील, निदान भाकरीतरी असेल, असा माझा वहीम. दुसऱ्याच्या गाठोड्याला विनापरवानगी हात लावू नये हे मला कायद्याने माहीत आहे. पण पोटाला कायदा कुठे कळतो? गाठ अर्थातच प्रल्हादची होती आणि ती अर्थातच सुटेना. शेवटी मी दातांनी सोडवली. आत खायला काहीही नव्हते. सुती दोराचे एक वेटोळे, एक धुतलेला पांढरा सदरा, नारळ, कुंकवाची पुडी आणि कागदात गुंडाळलेली एक पिवळी साडी.

पिवळी साडी. ती बोहल्यावर चढणाऱ्या भाचीला मामा आणतो. दुसरे कोणी आणत नाही.

प्रल्हाद पाणी घेऊन आला. मी साडी मांडीवर घेऊन बसलो होतो. त्याने ती पाहिली, घमेले खाली ठेवले आणि ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत राहिला. बुडबुडे सापडल्यावर म्हणाला, "आज रेणूचं लगन हाय. लीलाच्या धाकटीचं. गोरज मुहूर्त हाय."

मी काय काय बोललो ते इथे लिहिता येत नाही. बहिणीकडे लग्नाला जायचे आणि मला सांगायचे नाही? आणि मी या चड्डीत? "बोलावणे आले होते का?" मी विचारले.

"रेणूनं मोबाइलवर पत्रिका धाडली. मामा, या म्हने. मोबाइलवर अक्षता येते काय? मामाले पयलं बलावनं असते, वकील. घरी येऊन, कुंकू लावून. लीला नाई आली."

"मग चाललास कशाला?"

"जात नाई मी. दुरून पाहीन. मांडव कोन टाकला, कसा टाकला, पाहीन अन् वापस येईन."

"आणि ही साडी? ती पण दुरूनच दाखवणार आहेस?"

त्याने ठिगळ लावले आणि अंगठ्याने दाबून धरले. "वनितीच्या अक्षता मी वरून पाह्यल्या," तो म्हणाला. "त्याचा राग नाई आता. राग गेला केवाचा. पन मंग मी जे केलं ना, थे जात नाई. पोरीचं लगन अन् तिच्या डोक्यावरचं कापड सख्ख्या मामानं काढलं. मी इतक्या पोरींचे मांडव टाकले, वकील. कोनाचाच असा नाई काढला."

असे काही तो याआधी कधी बोलला नव्हता. माझा राग मात्र त्याने कमी झाला नाही, उलट वाढला. एवढे सगळे मनात होते तर इतकी वर्षे हे दोघे कोणाची वाट पाहत होते? अमरावती आणि अकोला यांच्यात काही समुद्र नाही. मी म्हणालो, "ऊठ. आता एकही खांब हलवायचा नाही. एकही."

आणि खरोखर, म्हैसांगपासून अकोल्यापर्यंत दोन मांडव लागले, पण तो उतरला नाही. पुढे वाकून पायडल मारत राहिला. माझी चेन एकदा उतरली तेव्हा मागे वळून बघितलेसुद्धा नाही.

मोर्नेचा पूल ओलांडून जुन्या शहरात शिरलो तेव्हा ऊन भिंतींवर चढले होते. लीलाच्या गल्लीच्या तोंडाशी एक पानठेला आहे. तिथे प्रल्हादने एक पाय टेकला आणि सायकल थांबवली. समोर गल्लीभर मांडव. लोखंडी पाइप, चमकीचे कापड, गुलाबी झालरी. बँड वाजत होता. नवरदेव घोड्यावरून उतरून बोहल्याकडे गेला होता. प्रल्हादने सगळे नजरेखालून घातले.

"याले कोनी मांडव म्हनते काय?" तो म्हणाला. पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता. मग म्हणाला, "पाह्यलं. चाल आता."

आणि खरोखरच सायकल फिरवायला लागला! दिवसभर उपाशी, चड्डीवरून म्हाताऱ्यांची बोलणी खाऊन, दातांनी गाठी सोडून मी इथवर आलो होतो, आणि हा म्हणतो चाल. मी त्याच्या सायकलचे हँडल धरले आणि भर गल्लीत ओरडलो, "गावंड्या, तू बेअक्कल आहेस! साऱ्या जिल्ह्यातल्या अनोळखी मांडवांत बिनबोलावता घुसतोस आणि स्वतःच्या बहिणीच्या मांडवात तुला कुंकू लागतं? आत जा, नाहीतर मी ही साडी घेऊन जातो आणि मामा म्हणून उभा राहतो!"

पानठेल्यावरची माणसे पाहत होती. प्रल्हाद माझ्याकडे पाहतच नव्हता. त्याची नजर वर, बोहल्यावरच्या कापडावर होती.

"वकील, थे कोपऱ्यातली गाठ सुटून रायली."

मला काही दिसत नव्हते. त्याला दिसत होते. त्याने कॅरिअरवरचे वेटोळे ओढून काढले, सायकल माझ्या अंगावर टाकली आणि गर्दीत घुसला. मामा म्हणून गेला नसता. पण सुटणारी गाठ पाहून उभे राहणे त्याला जमण्यासारखे नव्हते. भिंतीशी मांडववाल्याची शिडी होती. कोणी काही विचारायच्या आत तो वर गेला होता.

मी दोन सायकली पानठेल्याला टेकवून, साडी काखेत मारून पोचलो तेव्हा भटजी माइक हातात घेत होते. "मुलीच्या मामांनी," ते म्हणाले, "मुलीला घेऊन यावे."

 तोच पुकारा, आणि हा पुन्हा शिडीवर! समोरच्या खुर्चीवरून अकोटचे चुलतमामा उठले. टोपी सारखी केली. त्यांना आता सवयच झालेली.

लीला बोहल्याजवळ उभी होती. कोपऱ्यातले कापड एकदम ताठ झाले म्हणून तिने वर पाहिले. झालरीमुळे वरच्या माणसाचा चेहरा दिसत नव्हता. धुळीने माखलेले पाय दिसत होते आणि दोराला वेढे देणारे दोन हात. तिने ते हात पाहिले आणि चुलतमामांपुढे आडवी झाली.

"भाऊ, तुमी बसा," ती म्हणाली. मग भटजींकडे वळून म्हणाली, "थांबा."

"अहो बाई, मुहूर्त टळेल."

"टळू द्या. मामा शिडीवर हाय."

माइक चालू होता, त्यामुळे ते साऱ्या गल्लीने ऐकले. बँड थांबला. अक्षता मुठीत धरून सगळे माना वर करून उभे राहिले. लीला शिडीपाशी गेली आणि तिने दोन्ही हातांनी शिडी धरली.

वरून आवाज आला. "लीले, दोन मिनिटं. गाठ मारून रायलो."

"मार," ती म्हणाली. "पक्की मार. आमी थांबतो."

तो उतरला तेव्हा कपाळावर दुपट्टा घामाने चिकटलेला, सदरा बदलायला वेळ नाही, हात काळे. तिच्यासमोर येऊन ते हात पँटला पुसत राहिला. मग मीच पुढे होऊन साडी त्याच्या हातात कोंबली आणि त्याला घराच्या दाराकडे ढकलले. रेणू आत वाट पाहत होती. लीलाने भाऊ दारातून आत जाईपर्यंत शिडीवरचा हात काढला नव्हता, हे मी जवळून पाहिले. थोड्या वेळाने मामा भाचीला घेऊन बाहेर आला. पिवळी साडी घडीची घडी रेणूच्या खांद्यावर होती, आणि प्रल्हाद अंतरपाटाच्या मागे, जमिनीवर, सगळ्यांच्यात उभा राहून अक्षता टाकत होता. भटजी म्हणाले, मुहूर्त टळला नाही. ते खरे होते की नाही, कोणी विचारले नाही.

मी मात्र माझी तक्रार मागे घेतलेली नाही. त्या लग्नाच्या फोटोंत नवरानवरीच्या शेजारी, मानाच्या माणसांच्या ओळीत, गादीची अर्धी चड्डी घातलेला एक वकील कायमचा उभा आहे. ते फोटो आता अमरावतीच्या बाररूमपर्यंत पोचले आहेत. पाठवणारा कोण हे मला ठाऊक आहे.

पंगत बसली. मी सकाळपासूनचे सगळे वसूल करत होतो. प्रल्हाद माझ्या शेजारी मान खाली घालून जेवत होता. परक्या माणसाने टाकलेला मांडव डोक्यावर होता आणि तो एकदाही वर पाहत नव्हता. लीला बुंदीचे भांडे घेऊन पुढे पुढे सरकत आमच्यापाशी आली. भावाच्या पानात तिने बुंदी वाढली, तो नको नको म्हणेपर्यंत वाढली. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "दादा, जेवन झालं तं सांग. मांडव काढाचा असन ना तुले?"

आजूबाजूचे हसले. वनिताही तिथेच होती, कडेवर मूल घेऊन, तीही हसली. प्रल्हाद मात्र हसला नाही.  त्याने ताटावर आडवा हात धरला, मान तशीच खाली ठेवली आणि डोळे पुसायला खांद्यावरचा दुपट्टा ओढला. तो निघेना. बोलता बोलता कधीतरी त्याने तो खुर्चीला बांधून टाकला होता. लीलाने बुंदीचे भांडे खाली ठेवले आणि आपल्या पदराने त्याचे डोळे पुसले.